पैठणीची सोडत

भांडण पेटलं ते दुपारच्या रिकाम्या हॉलवरून.

पुंडलिकनगरातल्या त्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर एक हॉल आहे. सकाळी तिथं योगासनं, संध्याकाळी भजन, लग्नसराईत पंगती. दुपारी नुसती कबुतरं. ही दुपार उमाला हवी होती, आणि हिमानीनं ती आपल्या भाच्यासाठी मनातल्या मनात केव्हाच राखून ठेवली होती.

उमा पन्नाशीला टेकलेली. मुलगा सुयश पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप घरीच राहिला. चांगली वस्तू भंगारात द्यायचा जीव होईना, म्हणून तिनं तो उघडला. आणि कपाटातली जुनी साडी उलगडून बघता बघता बाई तिथंच बसून राहते, तसं तिचं झालं. आधी ‘स्वयम्’ या सरकारी फुकट शिकवणीच्या साइटी‌वरच्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली. मग एक खेळ सापडला. त्यात दर पायरीला पुढच्या दाराचा पासवर्ड कुठंतरी दडवलेला असायचा, तो काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत हुडकून काढायचा. तो खेळ तिनं मेथी निवडत निवडत पार केला. मुद्दाम फोडून बघण्यासाठीच बांधलेल्या साइटी सापडल्या, भातुकलीच्या घरासारख्या. मोडा, परत मांडा, कुणी रागवत नाही. आणि हे सगळं फुकट. एवढं फुकट पडलंय आणि आपल्या माणसांना पत्ताच नाही, याचाच तिला त्रास व्हायला लागला.

म्हणून तिनं इंटरनेटवर एक पान केलं. सायबर सुरक्षा शिकायच्या चांगल्या चांगल्या जागांचे पत्ते, आणि प्रत्येकाखाली मराठीत दोन शब्द. ‘हे सर फार भराभर बोलतात, वेग कमी करून ऐका.’ ‘इथं वरती पैसे मागतील, घाबरू नका, खाली बारीक अक्षरात फुकटचं दार आहे.’ ‘हा धडा जेवण झाल्यावर घेऊ नका, झोप येते.’ गल्लीतली रूपा घराच्या पुढच्या खोलीत पिको-फॉलचं मशीन टाकून बसायची. मूळची कन्नड तालुक्यातली, बोलायला खणखणीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की उमाच्या स्वयंपाकघरात येऊन ती त्यातलं शिकायची. तशाच कॉलनीतल्या बाकीच्या पोरीबाळींना, बायांना बसायला जागा हवी, एवढंच उमाचं म्हणणं होतं.

हिमानी महिला मंडळाची अध्यक्ष. एके काळी या दोघींच्या घरून विरजण इकडून तिकडं जायचं. तिच्या बहिणीचा मुलगा सत्यम कामगार चौकात सायबर सुरक्षेचा क्लास चालवायचा. फी घेऊन, सर्टिफिकेट देऊन, रीतसर. त्याला दुपारची बॅच काढायची होती आणि जागा अपुरी पडत होती.

संक्रांतीच्या आधीच्या बैठकीत हिमानी हसत हसतच बोलली. तिचं तसंच आहे. हसून बोलली की जास्त लागतं.

“यूट्यूब बघून ढोकळा शिकतात गं उमा. सुरक्षा नाही शिकत. असंच बघून बघून उद्या कुणाचं अपेंडिक्स काढशील.”

“ढोकळा तरी कुठं धड फुगतो तिचा,” मागून कुणीतरी म्हणालं.

“हसा,” उमा म्हणाली. “पण उद्या कुणी गोड बोलून पासवर्ड मागितला तर तुमच्यातल्या निम्म्या जणी देऊन मोकळ्या व्हाल.”

“आम्ही काय खुळ्या आहोत?”

“मी असं म्हटलं का?”

“तसंच म्हटलंस,” हिमानी म्हणाली. “शब्द तेवढा गिळलास.”

हॉलचा निर्णय हळदीकुंकवं उरकल्यावर घ्यायचं ठरलं. उमा घरी आली ती ते एकच वाक्य डोक्यात घेऊन. आम्ही काय खुळ्या आहोत. दाखवूनच देते, असं तिनं ठरवलं. माणूस शिकवायला निघतं आणि मधेच सूड घ्यायला वळतं, तेव्हा रस्ता बदलल्याची पाटी कुठं लागत नाही.

यंदा वाणाला तिनं गुलमंडीच्या बाजारातून स्टीलच्या छोट्या डब्या आणल्या. प्रत्येकीच्या झाकणावर स्कॅन करायचा चौकोनी कोड चिकटवला आणि खाली छापलं, ‘पैठणीची सोडत’. कोड स्कॅन केला की मोराच्या पदराचं देखणं पान उघडायचं आणि नाव, मेलचा पत्ता आणि मेलचा पासवर्ड मागायचं. ते भरलं की दुसरं पान: ‘पैठणी नाही. पण तुम्ही आत्ता न बघितलेल्या माणसाला घराची किल्ली दिलीत. वाईट वाटून घेऊ नका, इथून शिका.’ आणि खाली तिचं ते पत्त्यांचं पान.

असल्या सरावासाठी तयार साचा एका साइटीवर मिळाला होता. त्यात कुणी काय भरलं ते शिकवणाऱ्याला दिसावं म्हणून एक बटण होतं. ते तिनं काढून टाकलं. बायकांचे पासवर्ड बघायची तिला काडीची हौस नव्हती. तिला त्यांचे चेहरे बघायचे होते. अगं बाई, म्हणून त्या कपाळावर हात मारतील, एकमेकींना टाळ्या देतील, आणि मग हॉल द्यायला नाही कोण म्हणेल?

हळदीकुंकवाला घर भरलं. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली कुणाची तरी नवी सून, बोरं, उसाची कांडकी, मसाला दूध. हिमानीपण आली, भांडण असलं तरी हळदीकुंकवाचं बोलावणं मोडायचं नसतं. रूपा पदर खोचून सगळ्यांना दूध देत होती. उमानं एकेकीला कुंकू लावलं, हातात वाण दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“अय्या, पैठणी?”

“स्कॅन कसं करायचं गं हे?”

“आण इकडं. हे असं समोर धर.”

“पासवर्ड मागतंय.”

“मग टाक की. वाण आहे ते.”

दारात उभ्या उमाला हे ऐकून इतका आनंद झाला की नंतर त्या आनंदाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पहिलीचा चेहरा उतरला. तिनं फोन शेजारणीला दाखवला. शेजारणीचंही पान तोवर उलटलं होतं. बोलणं एका कोपऱ्यातून थांबत थांबत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आलं. टाळ्या कुणी दिल्या नाहीत.

हिमानीनं आपला फोन मांडीवर पालथा ठेवला. या वेळी ती हसली नाही.

“म्हणजे आमचे पासवर्ड आता तुझ्याकडं.”

“नाहीत गं. मी काही साठवलंच नाही. शपथ घेते.”

“वाणातून फसवणारीची शपथ. तीपण घ्यायची का आता आम्ही?”

“फसवलं नाही हिमानी, दाखवलं. अगं, हाच तर धडा...”

“घरी बोलावलंस. कपाळाला कुंकू लावलंस. आणि त्याच हातानं पर्स चाचपलीस. धडे देते आम्हाला.”

हलव्याचे दागिने घातलेली सून रडायला लागली, तिच्या सासूनं तिला उठवलं, आणि एक उठली तशा सगळ्या उठल्या. चपला शोधताना दारात गर्दी झाली, पण कुणी कुणाशी बोललं नाही. अर्धे पेले तसेच राहिले.

रूपा शेवटी राहिली. पेले गोळा करून तिनं मोरीत नेऊन ठेवले, हात पुसले, मग डबी टीपॉयवर ठेवली.

“काकू, मला तर आधी सांगायचं व्हतं.”

“तू पण टाकलास? रूपा, तुला तर मी शिकवलंय. अनोळखी पानावर कधीच...”

“अनोळखी कुठं व्हतं? तुमच्या घरात, तुमच्या हातचं वाण. वाणात कोण खोटं देतं?” ती चपला घालत म्हणाली. “लई हुशार झाले असं वाटत व्हतं मला. नाय झाले.”

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. तिचा नवरा श्रीनिवास अंगणात मोटर लावून, हातात पाइप घेऊन उभा होता. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून पाण्याचं खातं त्याच्याकडं होतं. त्यानंच आत येऊन सांगितलं की फाटकाच्या कठड्यावर डब्या ठेवल्यात, आणि एक बाई त्याच्या देखत ठेवून गेली, रामराम न करता.

वाण परत आलेलं उमानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती बाहेर गेलीच नाही. निदान ते पान तरी काढून टाकू म्हणून तिनं लॅपटॉप उघडला, आणि पानाच्या बाजूला एक फाइल दिसली. ती तिनं केलेली नव्हती. उघडली. पहिलीच ओळ: रूपाचं नाव, रूपाचा मेल, आणि त्यापुढं उघडा पासवर्ड.

तिनं डोळे मिटले. मग न बघताच फाइल बंद केली.

बटण काढलं होतं ते दाखवायचं. साठवणं आतल्या आत चालूच होतं. दाखवायचं थांबवलं म्हणजे साठवायचं थांबलं, असं तिनं परस्पर धरलं होतं. तिनं श्रीनिवासचा फोन मागितला आणि त्यावरून फाइलचा पत्ता टाकून पाहिला. उघडली. कुणालाही उघडली असती. कालपासून ते सगळं रस्त्यावर अंथरून ठेवल्यासारखं होतं.

फाइल तिनं पुसली, पानही पुसलं, आणि मग श्रीनिवासला सगळं सांगितलं. त्यानं मोटर बंद केली.

“पुसलंस ना?”

“पुसलं.”

“मग झालं तर. काल तू म्हणालीस काही साठवलेलं नाही. आज खरंच नाहीये. कालचं वाक्य आज खरं झालं, गप बस.”

“आणि मधे कुणी बघितलं असेल तर?”

“कोण बघतंय पुंडलिकनगरातल्या बायकांचे मेल?”

“अहो, त्याच मेलवर बँकेचं येतं, आधारचं येतं. त्यांनी आजच्या आज पासवर्ड बदलायला पाहिजेत. आणि बदला म्हणायचं तर का ते सांगावं लागेल.”

“सांगितलंस तर हॉल गेला.”

“हो.”

“आणि काल घेतलेली शपथ?”

तिनं स्वतःचा फोन हातात घेतला. “तू सोपं काहीच शिकली नाहीस का त्या लॅपटॉपवर?” तो म्हणाला, आणि पुन्हा मोटर लावायला गेला.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला गेली, तर हिमानीनं तो सकाळीच बंद केला होता. ग्रुपवर आता फक्त अध्यक्षाला बोलता येत होतं, आणि अध्यक्षांनी लिहिलं होतं, ‘दुपारी चार वाजता हॉलमध्ये सर्वांनी यावे. विषय सर्वांना माहीत आहे.’ उमानं फोन लावला.

“हिमानी, ऐक, फार गरजेचं आहे. तुझा पासवर्ड आत्ताच्या आत्ता...”

“परत पासवर्ड?” हिमानी म्हणाली. “कमाल आहे हं तुझी. जे काय असेल ते चौघींत बोल. सत्यम येणार आहे.” आणि फोन ठेवला.

उमा शेजारच्या घरी गेली. बेल वाजवली. आत मिक्सर चालू होता, तो बंद झाला, आणि तरी दार उघडायला कुणी आलं नाही. त्यापुढच्या घरात खिडकीचा पडदा ओढला गेला. आणखी एका फाटकाशी एका आजींनी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, आणि सून घरात नाही म्हणून सांगितलं. सून मागं दारातच उभी होती.

हॉलमध्ये एरवी बैठकीला बोलावून बोलावून बायका जमत नाहीत. त्या दुपारी सतरंज्या कमी पडल्या. सत्यम पुढं खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप. शांत मुलगा, आवाज न चढवता बोलणारा.

“काकू, कालचं पान जरा दाखवता का? आत काय साठतंय ते मी बघून सांगतो, म्हणजे सगळ्यांची शंका फिटेल.”

“पान पुसलं मी.”

“घ्या,” हिमानी म्हणाली. “पुरावाच पुसला.”

उमा उभी राहिली. तिनं खांबाला हात टेकवला.

“काल मी शपथ घेतली ती चुकीची निघाली. पासवर्ड साठले होते. मला माहीत नव्हतं, पण साठले होते. आणि ते कालपासून उघड्यावर होते, कुणीही बघावेत असे. आज सकाळी दिसल्याबरोबर पुसले. मी एक ओळ बघितली, बाकी नाही. पण दुसऱ्या कुणी बघितले असतील तर मला कळायला मार्ग नाही. म्हणून प्रत्येकीनं आत्ता, इथंच, पासवर्ड बदला. मग मला काय बोलायचं ते बोला.”

बोलायला त्यांनी तेवढीही वाट बघितली नाही. कुणी म्हणालं, आधी चोर आणि आता चौकीदार. कुणी सुयशचं नाव काढलं, तो पुण्यात नेमकं काय करतो म्हणून. हलव्याचे दागिने घातलेल्या सुनेच्या सासूनं सांगितलं की पहिल्या संक्रांतीला असं झालं, आता याचं काय करायचं ते ज्यांनी केलं त्यांनीच सांगावं. एकीनं सायबर पोलिसांत जायचं काढलं.

“जाऊ या,” उमा म्हणाली. “मी येते बरोबर.”

“आणि तिथं काय सांगणार?” कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं. “पैठणीसाठी पासवर्ड दिला म्हणून?”

पोलिसांचं नाव मग कुणी काढलं नाही.

सत्यमनं लॅपटॉप मिटला. “काकू, तुम्ही पत्ते दिलेत त्यातले बरेच कोर्स मी स्वतः केलेत. चांगले आहेत. पण प्रत्येकात पहिलाच धडा हा असतो की समोरच्याच्या परवानगीशिवाय असला सराव करायचा नाही. तो तुम्ही बघितला नाहीत?”

उमाला तो धडा आठवला. टाय घातलेला एक माणूस खुर्चीत बसून संथ आवाजात बोलत होता. तिला पुढच्या गमतीच्या धड्याची घाई होती.

“पुढं पळवला होता,” ती म्हणाली.

सत्यमनं मान हलवली. त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून ते तिला हिमानीच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

“ऐकलंत?” हिमानी उठून म्हणाली. “आता हॉलचं. दुपार सत्यमच्या क्लासला. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा.”

हात वर गेले. कुणी इकडंतिकडं बघितलं नाही. रूपाचाही हात वर होता. तो तिनं खांद्याएवढाच उचलला होता, पण वर होता. उमानं ते बघितलं आणि नजर काढून घेतली. दुपार गेली.

“सत्यम, आता हे पासवर्ड कसे बदलायचे ते तूच सांग बाबा,” हिमानी म्हणाली.

“मावशी, मी यात पडत नाही,” सत्यम म्हणाला. “उद्या यातल्या कुणाचं खातं गेलं तर माझ्या क्लासचं नाव निघेल. ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं.” त्यानं बॅग खांद्याला लावली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला.

हॉलमध्ये चुळबूळ झाली. घरी जाऊन मुलांना विचारावं, तर कशासाठी ते मुलांना सांगावं लागणार. शेवटी पुढची एक बाई उठली आणि तिनं आपला फोन उमाच्या छातीशी धरला.

“हे घे. कर काय करायचं ते.”

“मी हात लावणार नाही. तुम्ही करा, मी सांगते.”

“म्हणजे परत तू बघणार.”

“नाही,” उमा म्हणाली, आणि वळली. समोरच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची फरशी बसवलेली होती. त्या फरशीकडं तोंड आणि बायकांकडं पाठ करून ती उभी राहिली. “मेल उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो असेल, त्याला बोट लावा.”

“फोटो नाहीये माझा.”

“मग नावाचं अक्षर असेल.”

“माझा आहे, पण किती घाण आलाय.”

“तो आज बदलायचा नाही,” उमा फरशीला म्हणाली. “खाली खातं सांभाळा असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. त्यात सुरक्षा. त्यात पासवर्ड.”

“सुरक्षा म्हणे,” कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. “लाज नाही वाटत.”

“वाटते. सुरक्षा सापडली का?”

सापडली. काही जणींना सापडली, त्या सापडलेल्या बाजूच्यांना दाखवायला लागल्या. उमाला पाठीमागं बांगड्या ऐकू येत होत्या, नाकानं सोडलेले श्वास ऐकू येत होते, आणि मधून मधून आपलं नाव, चांगल्या अर्थानं नाही.

“जुना मागतंय हे.”

“टाका. एकदाच लागेल.”

“नवीन काय ठेवू?”

“मला सांगू नका.”

“नवऱ्याचं नाव चालेल?”

“नाही. ते अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. दरवर्षी उखाण्यात घेता.”

एक जण फिसकन हसली, आणि आपण रागावलोय हे आठवून खोकली.

“दोनदा लिहायला सांगतंय नवीन. दोनदा कशाला? विश्वास नाही का आमच्यावर?”

“त्याचा कुणावरच नसतो. लिहा.”

हळूहळू बायका उठायला लागल्या. ज्यांचं झालं त्या न सांगता जात होत्या. चपलांचा आवाज दाराकडं जायचा आणि बाहेरच्या मुरमावर विरायचा. रूपाचा आवाज कुठंच आला नव्हता. ती असेल, किंवा केव्हाच गेली असेल. वळून बघणं उमाला शक्य नव्हतं.

बराच वेळ नुसती कबुतरं घुमत राहिली. मग अगदी जवळून, पाठीमागून, हिमानीचा आवाज आला.

“हॉल तुला मिळणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

“हो.”

“पुढच्या वर्षीही नाही.”

“बरं.”

“मग कशाला उभी आहेस अजून?”

“तुझा पासवर्ड अजून जुनाच आहे म्हणून,” उमा म्हणाली. “वर उजव्या कोपऱ्यात बघ.”